दहापैकी आठ

सुमेधा खांबेटे बाईंच्या हातून पैकीच्या पैकी मार्क कधी कुणाला सुटले नाहीत. डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं. आता गणितात काय, उत्तर बरोबर आलं की मार्क द्यावेच लागतात, असं तुम्ही म्हणाल. बाई तसं मानत नव्हत्या. उत्तर बरोबर असेल हो, पण समास सोडलाय का? रेघ पट्टीने मारलीय का? एकक लिहिलंय का? कुठे ना कुठे कात्री लागायचीच. पोरं त्यांना पाठीमागे ‘कात्रीबाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, मनातून आवडायचंही. त्यांच्याकडून दहापैकी आठ मिळालेला पोरगा घरी पळत सुटायचा आणि आई शेजारपाजाऱ्यांना बोलावून वही दाखवायची. नऊ त्यांनी अख्ख्या नोकरीत तीनदा दिले. त्या तिघांची नावं त्यांना अजून पाठ होती.

बाई मनाने कोरड्या नव्हत्या. गरिबाघरच्या पोरांना त्यांनी घरी बसवून फुकट शिकवलं, कुणाची फी स्वतः भरली, कुणाच्या बापाला दारूवरून चारचौघांत झापलं. पण मार्कांचा विषय निघाला की देवाचाही मुलाहिजा नाही. एकदा एक पालक पेढ्यांचा पुडा घेऊन ‘दोन मार्क तेवढे बघा ना’ म्हणत घरी आले. बाईंनी पुडा त्यांच्या हातात परत दिला आणि दार लावून घेतलं. मार्क मागणारा माणूस त्यांच्या नजरेतून उतरायचा तो उतरायचाच.

अशा या बाईंवर वयाच्या सहासष्टाव्या वर्षी गाडी घ्यायची वेळ आली. हौस म्हणून नव्हे. त्यांचे यजमान विठ्ठलराव यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि रिक्षात चढणं-उतरणं म्हणजे त्यांना शिक्षा झाली होती. दवाखान्यात जायचं म्हटलं की माणूस आदल्या दिवसापासून गप्प व्हायचा. शेवटी बाईच म्हणाल्या, “अहो, गाडी घेऊन टाकू. आपण आता नाही घ्यायची तर कधी?”

गाडी घेणं हे गिऱ्हाइकाचं काम असतं आणि गिऱ्हाईक राजा असतो, असं बाईंना वाटत होतं. कल्याणच्या शोरूमने पहिल्याच फेरीत डोळे उघडले. हे दोघं रिक्षातून उतरले हे काचेतून सगळ्यांनी बघितलं आणि वीस मिनिटं कुणी ढुंकून पाहिलं नाही. विठ्ठलराव काठीवर भार देऊन उभे. मग एक जण आला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला, “बजेट काय अंकल?” शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुसऱ्या शोरूममध्ये मुलगी गोड होती, पण तिने तासभर फक्त छतातून आकाश दिसणारी गाडीच दाखवली. विठ्ठलरावांना आकाश नको होतं, पाय आत घ्यायला जागा हवी होती. बाईंनी मनातल्या मनात पहिल्याला तीन आणि दुसरीला चार मार्क दिले आणि घरी आल्या.

तिसरी शोरूम ठाण्यात, कोलशेतच्या बाजूला. तिथे दिपेश नाखवा भेटला.

सव्वीस वर्षांचा, सावळा, उंच. गळ्यात टाय, पण टाय त्याला अजून सरावाचा झाला नव्हता, सारखा हात तिकडे जायचा. कोलशेत गावातलाच कोळ्याचा मुलगा. बाप दामाजी आयुष्यभर खाडीत होडी घेऊन जायचा. खाडीत आता मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त लागतं म्हणून होडी किनाऱ्याला उलटी पडलेली, आणि आई मालू बाजारात मासळी विकायची ती विकतच होती. इस्त्रीचा शर्ट घालून नोकरीला जाणारा घरातला हा पहिलाच. हे सगळं बाईंना नंतर कळलं. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच पाहिलं, की या मुलाने गाडीचं नाव काढायच्या आधी काकांना खुर्ची आणून दिली.

“काका, किंमत-बिंमत नंतर बघू,” तो म्हणाला. “तुम्ही आधी बसून उठून दाखवा. कुठे दुखतं ते मला कळू दे.”

चार गाड्यांत त्याने विठ्ठलरावांना बसवलं, उठवलं. घाई नाही, वैताग नाही. चारही वेळा गुडघा कुरकुरला. मग तो विचारात पडला आणि म्हणाला, “काका, घरी तुम्ही कुठल्या खुर्चीतून आधार न घेता उठता?” विठ्ठलराव म्हणाले, गॅलरीतल्या. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या माणकोलीच्या पुलावरून मोटरसायकल दामटत डोंबिवलीत हजर. खिशातून टेप काढून त्याने गॅलरीतल्या खुर्चीची उंची मोजली, पाय टेकतात तिथपासून गुडघ्यापर्यंत मोजलं, आकडे हातावर पेनाने लिहिले आणि चहासुद्धा अर्धा टाकून गेला. दोन दिवसांनी फोन आला, की बाई, तुमच्या खुर्चीच्या उंचीची सीट मिळाली, पाऊण इंचाचा फरक आहे, तेवढी गादी टाकू.

आता तुम्हीच सांगा, गणिताच्या बाईंना याहून वेगळं काय हवं होतं? त्या तीन दिवस त्या टेपचं कौतुक करत होत्या. “हा मुलगा माझ्या वर्गात असायला हवा होता,” असं त्यांनी खालच्या मजल्यावरच्या हौसाबाईंनाही सांगितलं.

गाडी तीच ठरली. बिनगिअरची होती, तर विठ्ठलरावांची ती चालवायची भीती मोडेपर्यंत दिपेश दोन रविवार स्वतःच्या सुट्टीत येऊन शेजारी बसला. तेव्हाच बोलता बोलता त्याचं सगळं बाहेर आलं. शोरूममध्ये अजून कच्चा होता, महिन्याभरात कायम होणार होता. प्राप्ती नावाच्या मुलीशी जमलं होतं. तिच्या घरच्यांनी सांगितलेलं, पर्मनंटचं लेटर दाखव आणि साखरपुड्याची तारीख घे. “आईने बाजारात सगळ्यांना सांगून टाकलंय काका,” तो म्हणाला. “मावश्या मला रोज विचारतात, लेटर आलं का रे. मी आता त्या रस्त्याने जातच नाही.” विठ्ठलराव हसले. मागच्या सीटवर बाईही हसल्या.

गाडी मिळण्याचा दिवस आला. वेळ अकराची दिलेली. नंबरप्लेट लागायची राहिली होती, ती लावणारा माणूस साडेबाराला उगवला. दीड तास. दिपेश तीनदा धावत येऊन ‘सॉरी बाई’ म्हणून गेला, काकांसाठी लिंबू सरबत घेऊन आला. मग एकदाचं लाल कापड ओढलं, नारळ फुटला, बाईंनी चाकांवर हळदकुंकू वाहिलं, सगळ्या स्टाफने टाळ्या वाजवल्या, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात देऊन फोटो काढला. विठ्ठलरावांचे डोळे भरले होते. निघताना दिपेश बाईंच्या खिडकीशी वाकला. टायकडे हात गेला.

“बाई, दोन दिवसांत कंपनीतून फोन येईल. दहापैकी किती ते विचारतील. तेवढे दहाच सांगा ना. खाली गेलं की आम्हाला फार त्रास होतो.”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. इतका गुणी मुलगा, आणि हाही शेवटी मार्क मागायला आलाच. त्या म्हणाल्या, “दिपेश, मार्क मागायचे नसतात, मिळवायचे असतात. तू मिळवले आहेस. काळजी करू नकोस.”

तो ओशाळला. काहीतरी बोलणार होता, पण मागून मॅनेजरने हाक मारली. “हो बाई,” म्हणाला आणि गेला.

फोन आला तो हिंदीतून. पोरगी कुठल्या गावी बसून बोलत होती देव जाणे. एक ते दहामध्ये किती मार्क द्याल? बाईंनी डोळे मिटून अगदी मनापासून विचार केला, वही समोर असल्यासारखा. एक मार्क त्या दीड तासाचा. एक मार्क त्याने मागितला म्हणून. “आठ,” त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. आठ कुणाला देऊन त्यांना कित्येक वर्षं झाली होती. पुढची पाच मिनिटं त्या आपल्या डोंबिवलीच्या हिंदीत दिपेशचं कौतुक सांगत राहिल्या, टेप, खुर्ची, रविवार, सगळं. पोरीने ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडम, दोन कमी का? बाई खोटं बोलल्या असत्या तर ना. “डिलिव्हरी डेढ घंटा लेट हुआ,” त्या म्हणाल्या. पोरीने तेवढंच टाइप केलं. फोन ठेवून बाईंनी शिरा केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात शोरूमचे मॅनेजर. रत्नदीप त्यांचं नाव. हातात केक आणि फुलांचा गुच्छ, मागे दिपेश. त्याने मान वर केली नाही. बाईंना वाटलं, अभिनंदनाला आले असतील. त्यांनी आनंदाने बसायला सांगितलं.

“मॅडम, आमच्याकडून फार मोठी चूक झाली,” रत्नदीप म्हणाले. “याच्याकडून काय त्रास झाला तो मोकळेपणाने सांगा. मी याला इथेच तुमच्यासमोर विचारतो.”

“त्रास?” बाई म्हणाल्या. “अहो, मी त्याला आठ दिलेत. आठ म्हणजे उत्तम.”

“मॅडम, आमच्याकडे दहाच्या खाली सगळं नापास धरतात. आठ काय नि शून्य काय, एकच. त्यात तुम्ही लेट डिलिव्हरीचं सांगितलं, म्हणजे तक्रार झाली. हा प्रोबेशनवर. याचं कन्फर्मेशन अडकलं.”

बाईंना ते समजायला वेळ लागला. दहातल्या दहा, नाही तर काहीच नाही, मग दहा आकडे ठेवलेत कशाला? एकच ठेवा. हे त्या मोठ्याने बोलल्या. रत्नदीप कसनुसं हसले. दिपेश फरशीकडे बघत होता. मागे ज्या खुर्चीची उंची त्याने मोजली होती ती त्याच्या मागेच होती, पण बाईंनी बस म्हटलं तरी तो बसला नाही.

“यावर एक उपाय आहे मॅडम,” रत्नदीपनी एक छापील कागद पुढे केला. “इथे सही करा, तक्रार बंद होते. याचं काम होऊन जाईल.”

विठ्ठलरावांनी खिशातला पेन काढून बाईंच्या हातात दिला. सही करायची, संपलं. पण बाईंनी आयुष्यात कुठला कागद न वाचता खाली ठेवला होता? चष्मा लावून त्यांनी वाचलं. ‘कर्मचारी दिपेश नाखवा यांच्या वर्तनाबद्दल माझी तक्रार होती. शोरूमने योग्य ती समज दिल्यामुळे माझे समाधान झाले आहे.’

“हे खोटं आहे,” बाई म्हणाल्या. “माझी तक्रार नव्हतीच. त्याच्या वर्तनाबद्दल तर मुळीच नव्हती. हे माझ्या सहीने कसं जाईल?”

“मॅडम, फॉर्मॅट आहे तो. कोण वाचतंय?”

“मी वाचतेय ना,” बाई म्हणाल्या. उठून त्यांनी कपाटातला लाल पेन आणला, ती दोन्ही वाक्यं खोडली आणि वर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, की माझी काहीही तक्रार नाही, हा मुलगा अत्यंत गुणी आहे. खाली सही केली, तारीख घातली. खूप बरं वाटलं त्यांना. रत्नदीपनी त्या खाडाखोड केलेल्या कागदाकडे पाहिलं, नुसता सुस्कारा सोडला आणि तो घडी घालून खिशात टाकला. जिन्यात उतरताना ते दिपेशला काहीतरी बोलले. दाराच्या फटीतून बाईंना फक्त त्याचं “हो सर, हो सर” ऐकू आलं.

“अगं, करून टाकायची होतीस सही,” विठ्ठलराव म्हणाले. एरवी ते बाईंच्या मध्ये पडत नसत.

“आणि त्याच्या नावावर वर्तनाचा डाग कायमचा लावून घ्यायचा?” बाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं चूक होतं का? एका अक्षराने नव्हतं. हेच तर दुर्दैव.

बाईंचा जीव आता टांगणीला लागला. त्यांनी सरळ कंपनीलाच पत्र लिहिलं. तीन पानी, फुलस्केप, मराठीत आणि मग भाचीकडून इंग्रजीत करून मेलवर. त्यात दिपेशच्या प्रामाणिकपणाबद्दल दोन पानं होती आणि तिसऱ्या पानावर त्यांनी कंपनीच्या मार्क द्यायच्या पद्धतीचे वाभाडे काढले होते, उदाहरणांसह. तासाभरात पोच आली. ‘आपली तक्रार क्रमांक अमुक नोंदवली गेली आहे. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.’ बाईंनी उलट मेल केला, ही तक्रार नाही. त्यालाही पोच आली. नवा क्रमांक. मग त्यांनी फोन लावला, ‘एक दाबा, दोन दाबा’ करत बावीस मिनिटांनी कुणीतरी माणूस लागला आणि त्याने फार अदबीने सांगितलं, की मॅडम, आम्ही तुमची बाब वरच्या पातळीवर नेतोय.

चार दिवसांनी दिपेशचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ.

“बाई, एक सांगू? आता काही लिहू नका. फोन पण करू नका कुणाला. तुम्ही चांगलं लिहिता, पण तिकडे ते तक्रार म्हणूनच चढतं. एका गिऱ्हाइकाच्या चार झाल्यात माझ्या नावावर.”

“अरे, पण मी तुझ्या बाजूने...”

“माहितीये बाई. मला माहितीये.”

लेटरचं काय झालं, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर त्याने ‘ठेवतो’ म्हटलं होतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पुढचे काही दिवस त्या गॅलरीत बसून राहायच्या. काय काय आठवायचं. पट्टीने रेघ मारली नाही म्हणून कापलेला मार्क. एकेका मार्काने हुकलेला कुणाचा पहिला वर्ग, कुणाचा प्रवेश. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की मार्क वहीत राहतात. ते पोराबरोबर घरी जातात, पुढे कुठे कुठे जातात, हे त्यांना आता या वयात कळत होतं आणि कळून उपयोग नव्हता.

महिना झाला. पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख आली. विठ्ठलराव गाडी झकास चालवू लागले होते, सीटवरून आधाराशिवाय उठत होते. दोघं ठाण्याला गेले. शोरूममधून जाताना बाईंनी काचेच्या आतल्या टेबलांकडे नजर टाकली. दिपेशच्या टेबलावर दुसरा मुलगा होता. टाय त्याचाही नवा.

वर्कशॉप मागे होतं. काउंटरवरच्या करिश्मा नावाच्या मुलीने गाडी आत घेतली, मेकॅनिकने तेल बदललं, काय काय तपासलं. शेवटी धुवायला पाठवली. बाई पाय मोकळे करायला म्हणून त्या बाजूला गेल्या. गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगावर भिजलेला निळा कोट, हातात पाण्याचा पाइप. पाठमोरा होता तरी उंचीवरून त्यांनी ओळखला.

“दिपेश.”

तो वळला. पाणी बंद केलं. “या बाई,” म्हणाला, जणू शोरूमच्या दारातच उभा होता. “काका बरे आहेत? उठताना दुखत नाही ना?”

“तू इथे...”

“सेल्समधून काढलं. कंत्राटदार ओळखीचा होता, त्याने घेतलं. घरी बसण्यापेक्षा बरं.” तो हसला. गळ्याकडे हात गेला आणि तिथे टाय नव्हता. आईचं, प्राप्तीचं विचारायचं बाईंना धाडस झालं नाही.

“चुकलं रे माझं,” त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. “फार चुकलं.”

“तुम्ही खरं तेच सांगितलंत बाई. दीड तास उशीर झालेलाच.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोसला असता. त्याने फडकं पिळलं आणि विठ्ठलरावांच्या बाजूचं दार उघडून सीटखालची पाऊण इंची गादी बाहेर काढली, झटकली, नीट दाबून परत बसवली. काच पुसली, आरसा पुसला. गाडी लखलखली.

तेवढ्यात करिश्मा टॅब घेऊन आली. “मॅडम, फीडबॅक. प्लीज दहा द्याल ना? नाही तर मला बोलतात.”

बाईंनी टॅब घेतला. स्वागत, दहा. वेळ, दहा. काम, दहा. स्वच्छता, दहा. सगळीकडे दहा भरले. मग त्या पडद्यावर वर-खाली शोधू लागल्या. “आणि याचं नाव कुठे आहे? ज्याने गाडी धुतली त्याचं? मला त्याला द्यायचेत.”

करिश्मा गोंधळली. तिने दिपेशकडे पाहिलं.

“राहू द्या बाई,” तो म्हणाला. “धुणाऱ्याचं नाव नसतं त्यात.”

मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती. त्याने पाइप उचलला आणि तिकडे गेला.